आयर्लंडमध्ये माणूस शोधायचा असेल, तर आधी त्याची जमीन शोधा

(ताज्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. बोलताना अडखळलेली वाक्यं सरळ केलीत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

 

आजचा विषय जरा हटके आहे. मी डब्लिनमध्ये सॉफ्टवेअरचं काम करते, हे नेहमीच्या ऐकणाऱ्यांना माहीत आहेच. इथे उन्हाळा आला की अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातून माणसं येतात आणि विचारत फिरतात, "आमचे पणजोबा इथलेच हो, पण नेमके कुठले?" हातात काय असतं? एक नाव. समजा, पॅट्रिक मर्फी. आणि गाव? "आयर्लंड." बस, एवढंच.

आता पॅट्रिक मर्फी म्हणजे इथे आपल्याकडच्या संजय पाटीलसारखं नाव. शेकड्यांनी सापडतील. मग त्यातला आपला कोणता?

याचं उत्तर मला डेटाबेसच्या भाषेत फार आवडलं. नाव ही युनिक की नाहीच. खरी की म्हणजे जमिनीचा तुकडा. त्या तुकड्याला इथे टाउनलँड म्हणतात. तो सापडला की माणूस सापडतो. नाही सापडला, तर कितीही ॲप्सचं सबस्क्रिप्शन घ्या, काही उपयोग नाही. हे असं का, तेच आज बघू.

आधी आग

आयर्लंडमध्ये १८२१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना व्हायची. म्हणजे घराघरातली माणसं, वयं, कामं, सगळं लिहिलेलं. मग अडचण काय?

अडचण अशी की त्या वह्या उरल्याच नाहीत. १८६१ आणि १८७१ च्या वह्या आकडे काढून झाल्यावर सरकारनेच नष्ट केल्या. १८८१ आणि १८९१ च्या पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाचा लगदा करायला गेल्या. राहिल्या १८२१ ते १८५१ च्या. त्या डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतल्या सरकारी दफ्तरखान्यात होत्या. जून १९२२ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, ३० जूनला तिथे स्फोट झाला, आग लागली आणि काही तुकडे सोडले तर सगळं गेलं. नुसती जनगणनाच नाही, तिथे जमा केलेली मृत्युपत्रं आणि चर्च ऑफ आयर्लंडच्या कितीतरी वह्यासुद्धा.

त्यामुळे पूर्ण देशाची हाताशी असलेली सगळ्यात जुनी जनगणना १९०१ ची. तिच्यानंतर १९११. दोन्ही नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर फुकट आहेत.

आता विचार करा. मोठा दुष्काळ, बटाट्याचं पीक कुजलं तो, १८४५ ते १८५२ चा. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच, किंबहुना जास्त, देश सोडून गेली. ज्यांचे वंशज आज शोधत येतात, ते बहुतेक याच काळात किंवा त्यानंतर गेलेले. म्हणजे ज्या पन्नास-साठ वर्षांची माहिती सगळ्यात जास्त हवी, नेमकी तीच नाही.

मग उरलं काय? उरले कराचे कागद. सरकार माणसाला विसरतं, पण वसुली विसरत नाही! माणसांच्या याद्या जळल्या, जमिनीच्या याद्या राहिल्या. म्हणून इथे माणूस शोधायचा रस्ता जमिनीवरून जातो.

टाउनलँड म्हणजे टाउन नव्हे

नाव ऐकून वाटतं शहर असेल. अजिबात नाही. कित्येक टाउनलँड्समध्ये दुकानसुद्धा नाही. काहींमध्ये माणूसही राहत नाही. आपल्या एखाद्या वाडीएवढा, ठरलेल्या हद्दीचा जमिनीचा तुकडा, त्याला स्वतःचं नाव. अख्ख्या बेटावर असे साठ हजारांहून जास्त तुकडे आहेत.

सरासरी आकार साधारण सव्वातीनशे एकर. पण ही सरासरी फसवी आहे. मेयो काउंटीतला शेस्किन सुमारे ७ हजार एकरांचा, आणि टायरोन काउंटीतला एक तुकडा एका एकरापेक्षाही लहान. एवढा फरक का? कारण ही विभागणी इंग्रजांच्या आधीपासूनची आहे, आणि जमीन नुसती लांबी-रुंदीवर नाही, तर ती किती पिकवते, किती गुरं पोसते यावर जोखली जायची. जमीन कसदार, तर तुकडा लहान. दलदल आणि खडकाळ डोंगर, तर तुकडा अवाढव्य. म्हणजे टाउनलँडचा आकार बघूनही तिथल्या जगण्याचा थोडाफार अंदाज येतो.

आता हे तुकडे एकावर एक कसे रचलेत ते बघू. वरून खाली आलो तर चार प्रांत: अल्स्टर, मन्स्टर, लेन्स्टर आणि कॉनॉट. त्याखाली ३२ काउंटी, ज्यातल्या ६ आज उत्तर आयर्लंडमध्ये. काउंटीच्या खाली बॅरनी, सव्वातीनशेच्या आसपास. त्याखाली सिव्हिल पॅरिश, साधारण अडीच हजार. आणि सगळ्यात खाली टाउनलँड.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, अरे, हे तर साधं ट्री स्ट्रक्चर आहे! तिथेच माणूस फसतो.

ट्री नाही, गुंता आहे

पहिला गुंता: पॅरिश दोन प्रकारच्या आहेत. सोळाव्या शतकात धर्म बदलला तेव्हा राजाच्या चर्चने मध्ययुगातल्या जुन्या पॅरिश आपल्याकडे ठेवल्या. त्याच पुढे सरकारी कामाच्या सिव्हिल पॅरिश झाल्या. कॅथलिक चर्चची सगळी मालमत्ता गेली होती, त्यांनी नंतर आपल्या सोयीने नव्या, बहुतेक ठिकाणी मोठ्या पॅरिश आखल्या. हद्द वेगळी, आणि पुष्कळदा नावही वेगळं. म्हणजे कराचा कागद एका पॅरिशच्या नावाखाली आणि त्याच माणसाच्या बाप्तिस्म्याची नोंद दुसऱ्याच.

दुसरा गुंता: १८३८ मध्ये गरिबांसाठीचा कायदा आला आणि देशाच्या १३० पुअर लॉ युनियन केल्या, पुढे त्या १६३ झाल्या. प्रत्येक युनियन एका बाजारगावाभोवती. तिथे वर्कहाउस, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात कसंबसं जगवणारी जागा. पण बाजारगावाच्या आसपासची खेडी काउंटीची हद्द बघून थोडीच वसलेली असतात! रॉसक्रे हे गाव टिपरेरी काउंटीत, पण त्याची युनियन तीन काउंटींमध्ये पसरलेली. आणि १८६४ पासून सगळ्यांचे जन्म, लग्न, मृत्यू सरकारी वहीत लिहायला लागले, ते याच युनियनच्या हद्दींवरून बेतलेल्या जिल्ह्यांप्रमाणे. त्यामुळे आजोबा एका काउंटीतले आणि जन्मनोंद दुसऱ्या काउंटीतल्या गावाच्या नावाने, असं सर्रास दिसतं. नोंद चुकलेली नसते, आपण वेगळ्या नकाशावर शोधत असतो.

तिसरा गुंता: नावांची टक्कर. सिव्हिल पॅरिशचं नाव, तिच्यातल्या एका टाउनलँडचं नाव आणि जनगणनेसाठी केलेल्या विभागाचं नाव, तिन्ही एकच असू शकतात. शिवाय किलमोरसारखं नाव देशभर ढिगाने. म्हणून लिहून ठेवताना तीन गोष्टी एकत्र लिहायच्या: टाउनलँड, सिव्हिल पॅरिश, काउंटी. ही तुमची कॉम्पोझिट की.

चौथा गुंता: नावंच बदलली. १५५६ मध्ये राणी मेरी आणि तिचा नवरा फिलिप यांच्या नावाने क्वीन्स काउंटी आणि किंग्ज काउंटी केल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर त्या झाल्या लीश आणि ऑफली. क्वीन्सटाउन बंदर, जिथून लाखो लोक बोटीत बसले, ते झालं कोव्ह. पणजोबांच्या कागदावर किंग्ज काउंटी असेल आणि तुम्ही आजच्या नकाशात शोधत असाल, तर जन्मात सापडणार नाही.

याचं खरं उदाहरण घेऊ. बराक ओबामांच्या आईच्या बाजूचे एक पूर्वज, फालमथ कर्नी. १८५० मध्ये तरुण वयात अमेरिकेला गेले. वडील जोडे शिवायचे. गाव मनीगॉल, आजच्या ऑफली काउंटीत, टिपरेरीच्या अगदी हद्दीला लागून. जुन्या पद्धतीने पत्ता लिहायचा तर किंग्ज काउंटी, बॅरनी क्लॉनलिस्क, सिव्हिल पॅरिश कलनवेन. पण २००७ मध्ये कुटुंबाचा माग लागला तो टेंपलहॅरी नावाच्या शेजारच्या पॅरिशच्या चर्चच्या नोंदींमधून. कागद हाती आला आणि मे २०११ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष त्या एका रस्त्याच्या खेड्यात येऊन गेले. नुसतं "आयर्लंड" एवढ्यावर हे झालं नसतं.

नाव कानाने लिहिलेलं

बरं, टाउनलँडचं नाव मिळालं तरी स्पेलिंगची भानगड राहतेच.

ही सगळी नावं मुळात आयरिश भाषेतली. लिहून घेणारे इंग्रजी कारकून. जसं ऐकू आलं तसं लिहिलं. आपल्या खडकीचं त्यांनी किर्की केलं होतं ना, तोच प्रकार, फक्त अख्ख्या देशावर.

१८२४ मध्ये ठरलं की कर नीट बसवायचा तर नकाशा हवा. मग सैन्याच्या ऑर्डनन्स सर्व्हेने एका मैलाला सहा इंच या प्रमाणात अख्खं बेट मोजलं. प्रमुख होते थॉमस कोल्बी. १८४६ पर्यंत ते काम पुरं झालं. आणि हो, यात एक भारताचाही धागा आहे. मोजणीच्या सुरुवातीला पायाची रेषा अचूक मोजावी लागते, पण धातूची पट्टी उन्हाने लांबते. म्हणून कोल्बींनी लोखंड आणि पितळ एकत्र वापरून न बदलणारी पट्टी केली. १८२९ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट, हो तेच शिखराच्या नावातले, हे काम बघायला आयर्लंडला आले आणि तशाच पट्ट्या भारतात घेऊन गेले. कलकत्त्याजवळची रेषा त्यांनीच मोजली.

पण मोजणं सोपं, नाव ठरवणं अवघड. त्यासाठी १८३० मध्ये जॉन ओडोनोव्हन नावाचा किलकेनी काउंटीतला तरुण विद्वान नेमला. त्याने जवळजवळ अख्खा देश पालथा घातला. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं, तुम्ही या जागेला काय म्हणता? मग जुन्या हस्तलिखितांशी ताडून बघायचं, मूळ आयरिश रूप वहीत टिपायचं आणि नकाशासाठी एक इंग्रजी स्पेलिंग सुचवायचं. आज नकाशावर दिसणारी बरीचशी स्पेलिंगं त्या वह्यांमधून आली आहेत. याच मोजणीवर ब्रायन फ्रीलचं 'ट्रान्सलेशन्स' हे १९८० चं गाजलेलं नाटक आहे. नाव बदललं की माणसाचं त्या जागेशी काय होतं, तो त्याचा विषय.

दोन उदाहरणं देते. "बॅली"ने सुरू होणारी नावं हजारोंनी आहेत. बहुतेक वेळा ते मूळ "बाल्या", म्हणजे वस्ती. पण बॅलिना किंवा बॅलिनस्लो घ्या, तिथे मूळ शब्द आहे नदीच्या उताराचं तोंड, जिथून चालत पलीकडे जाता येतं. इंग्रजीत दोन्हीचं "बॅली" झालं. तसंच "किल". किलकेनी, किल्डेअर यांत त्याचा अर्थ चर्च. पण दुसरीकडे तोच "किल" जंगल या अर्थाच्या शब्दातून आलेला असतो. म्हणजे तुमच्या पूर्वजांच्या गावात चर्च होतं की झाडी, हे इंग्रजी नावावरून ठरत नाही. त्यासाठी मूळ आयरिश रूप बघावं लागतं. लॉगन्म नावाची सरकारी साइट आहे, तिथे जागांची अधिकृत आयरिश आणि इंग्रजी नावं मिळतात, पुष्कळ ठिकाणी जुन्या कागदांतली स्पेलिंगंसुद्धा.

आणि काही अर्थ इतके गोड आहेत! क्लॉनमेल म्हणजे मधाचं कुरण. डेरी म्हणजे ओक झाडांची राई.

एक गोष्ट मला मराठी माणूस म्हणून फार भारी वाटली. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं: चिपळूणचे ते चिपळूणकर. इथे बहुतेक उलटं. आडनाव पूर्वजाच्या नावावरून. "मॅक" म्हणजे मुलगा, "ओ" म्हणजे नातू किंवा वंशज. आणि मग त्या कुळाचं नाव जागेला चिकटतं. बॅलीमर्फी म्हणजे मर्फींची वस्ती. आपण गाव नावात घेऊन फिरतो, यांनी नाव गावात ठेवलं आणि स्वतः निघून गेले.

वसुलीच्या वह्या, आणि त्यात नसलेली माणसं

आता कामाचे कागद. दोन लक्षात ठेवा.

एक, टाइद ॲप्लॉटमेंट बुक्स, १८२३ ते १८३७. शेतकऱ्याला, मग तो कॅथलिक असो की आणखी कोणी, राजाच्या चर्चसाठी कर द्यावा लागायचा. आपल्या नसलेल्या चर्चसाठी पैसे! यावरून १८३० च्या दशकात रक्तही सांडलं. पण त्या वसुलीच्या याद्यांत टाउनलँडप्रमाणे शेतकऱ्यांची नावं राहिली.

दुसरा, ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, १८४७ ते १८६४. रिचर्ड ग्रिफिथ हा भूगर्भशास्त्रज्ञ आणि इंजिनिअर. त्याने देशातल्या प्रत्येक जमिनीची आणि घराची किंमत ठरवली. एका ओळीत काय काय मिळतं बघा: जमीन कोण कसतो, कोणाकडून घेतली आहे, घर आहे का, क्षेत्र किती, वर्षाची किंमत किती, आणि नकाशावरचा नंबर. तो नंबर जुन्या नकाशाशी जुळवला की तुम्ही त्या शेताच्या बांधावर जाऊन उभे राहू शकता. हेही ऑनलाइन फुकट आहे. आणि त्यानंतर जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, ते सुधारित वह्यांत वेगवेगळ्या रंगांच्या शाईने खोडून लिहिलेलं असतं. एक नाव खोडलं, वर दुसरं आलं, म्हणजे कोणीतरी गेलं: मरून किंवा बोटीने.

पण इथे जरा थांबा. या वह्यांत कोण नाही?

ज्याच्या नावावर जमीन किंवा घर नाही तो नाही. दुसऱ्याच्या शेतावर राबून बदल्यात बटाट्यापुरता तुकडा मिळवणारा मजूर, त्याचं नाव इथे मिळणं कठीण. घरात सहा पोरं असतील, पण वहीत नाव एकट्या कसणाऱ्याचं. बाई दिसते ती बहुतेक विधवा असेल तरच. आणि तारखा बघा: ग्रिफिथचं काम दुष्काळात सुरू झालं आणि नंतर बारा वर्षं चाललं. म्हणजे माणसं मोजायला सरकार पोचलं तेव्हा सगळ्यात गरीब आधीच गेले होते. मेयो, गॉलवेसारख्या भागात आधीच्या नकाशावर जिथे झोपड्यांचा पुंजका दिसतो, तिथे नंतरच्या नकाशावर पुष्कळदा नुसतं रान असतं.

अशा माणसाचं काय उरतं? पुष्कळदा फक्त टाउनलँडचं नाव. तेही इथल्या कागदांत नाही, समुद्रापलीकडे. बॉस्टनच्या 'पायलट' वर्तमानपत्रात १८३१ ते १९२१ पर्यंत हरवलेल्या माणसांच्या जाहिराती यायच्या. कोणी बहीण भावाला शोधतेय, कोणी बायको नवऱ्याला. त्यात काउंटी, पॅरिश, कधीकधी टाउनलँडसुद्धा, कारण त्यांनाही माहीत होतं, नुसत्या नावाने कोणी सापडत नाही. तसंच अमेरिकेतल्या आयरिश थडग्यांच्या दगडांवर, चर्चच्या लग्ननोंदींत. लिहिता न येणाऱ्या माणसाने हजारो मैलांवर जाऊनही कोणाला तरी सांगून आपल्या तुकड्याचं नाव लिहून घेतलं.

मग शोधायचं कसं?

थोडक्यात क्रम सांगते. तुमच्या ऑफिसात कोणी आयरिश वंशाचं असेल तर हा एपिसोड पाठवायला हरकत नाही, फक्त भाषांतर तुम्हालाच करावं लागेल!

पहिलं: आयर्लंडच्या साइट आधी उघडू नका. जिथे माणूस जाऊन राहिला तिथले कागद संपवा. मृत्यूची नोंद, लग्न, थडगं, जुनी पत्रं, पाकिटावरचा पत्ता. शोधायचंय ते टाउनलँड.

दुसरं: नाव मिळालं की लॉगन्मवर त्याची सिव्हिल पॅरिश, बॅरनी, काउंटी काढा. स्पेलिंग जुळलं नाही तर मोठ्याने वाचा. लिहिणाऱ्याने ते कानाने लिहिलं होतं, तुम्हीही कानाने शोधा.

तिसरं: ग्रिफिथमध्ये त्या टाउनलँडमधली सगळी नावं बघा, फक्त आपलं आडनाव नाही. मुलं बहुतेक आसपासच्याच घरांत लग्न करायची. आडनावातला "ओ" किंवा "मॅक" गळलेला असू शकतो, तसंही शोधा.

चौथं: त्या जागेची कॅथलिक पॅरिश कोणती ते काढा. नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये कॅथलिक पॅरिशच्या साधारण १८८० पर्यंतच्या वह्यांची छायाचित्रं ऑनलाइन टाकली आहेत. नावं लॅटिनमध्ये असतील, घाबरू नका.

पाचवं: १९०१ ची जनगणना. गेलेला माणूस नसेल, पण त्याच टाउनलँडमध्ये मागे राहिलेला भाऊ किंवा पुतण्या असू शकतो.

शेवटचं

हे सगळं जुनं, संपलेलं वाटत असेल तर तसं नाही. १९७० च्या दशकात उत्तर आयर्लंडमध्ये टपालाच्या सोयीसाठी गावरस्त्यांना नावं आणि घरांना नंबर दिले. टाउनलँड पत्त्यातून गळायला लागले. लोक चिडले, सभा घेतल्या, मोहीम चालवली. फर्मना काउंटीने मात्र आपले टाउनलँड पत्त्यात टिकवले. इकडे दक्षिणेत २०१५ मध्ये एअरकोड आला, प्रत्येक पत्त्याला सात अक्षरांचा वेगळा कोड. इंजिनिअर म्हणून मला तो आवडतो. त्याआधी खेड्यातल्या कितीतरी घरांचा पत्ता एकसारखा असायचा आणि पोस्टमनच्या डोक्यातच खरा डेटाबेस होता. ॲम्ब्युलन्सला कोड हवाच.

पण कोडमध्ये मधाचं कुरण नसतं. कोड सांगतो घर कुठे आहे. नाव सांगतं तिथे कोण होतं, काय उगवायचं, चर्च होतं की जंगल. मीथ आणि लाउथ काउंटीत लोकांनी याच्याही पुढे जाऊन एकेका शेताचं नाव म्हाताऱ्यांना विचारून गोळा केलं, कारण शेतांची नावं सरकारी नकाशावर कधी आलीच नाहीत. ती फक्त तोंडात होती.

जळलेल्या दफ्तरखान्याचा धडा मला तरी हाच वाटतो. एका जागी ठेवलेलं सगळं एका दिवसात जाऊ शकतं. जे अनेकांच्या तोंडी आहे, ते राहतं. पण बोललं गेलं तरच.

तर मंडळी, एपिसोड आवडला असेल तर शेअर करा. आयर्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मित्रमैत्रिणींना तर नक्की पाठवा. तुमच्या भाड्याच्या घराचा टाउनलँड कोणता, त्याचा अर्थ काय, शोधा आणि मला कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवीन.

भेटू लवकरच. काळजी घ्या!